चाकाचं वजन

आठ दिवस झाले, एक जाडजूड पाकीट माझ्या टेबलावर आहे. पाठवणारा मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ‘ताई, तुम्ही विज्ञानावर लिहिता म्हणून तुम्हालाच पाठवतोय, कृपया हसू नका,’ अशी सुरुवात आणि पुढे सोळा पानं. एकमेकांच्या उलट फिरणारी दोन चाकं, मधे चुंबक, बाजूला वीजपुरवठा. हे सगळं सुरू केलं की यंत्राचं वजन घटतं, असं त्याचं म्हणणं. शेवटच्या तीन पानांवर त्याच यंत्राचं मोठं रूप आहे. गोल यान, इंधनाची टाकी कुठेच नाही, आणि बाणाच्या टोकाशी लिहिलंय ‘मंगळ’. एका समासात ‘काळाचा प्रवाह = ऊर्जा?’ असं लिहून त्याखाली त्यानं दोन रेघा मारल्या आहेत.

मी हसणं शक्यच नव्हतं. नववीत असताना मी हेच केलं होतं.

एका जुन्या मासिकात मी तेव्हा एरिक लेथवेट यांच्याविषयी वाचलं होतं. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातले प्राध्यापक, रेषीय मोटरवरच्या, म्हणजे गोल न फिरता सरळ रेषेत ढकलणाऱ्या मोटरवरच्या, कामासाठी नावाजलेले. १९७४ साली त्यांनी रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये व्याख्यान दिलं आणि वीसेक किलोचं चाक एका दांड्याच्या टोकाला बसवून वेगानं फिरवलं. चाक स्थिर असताना जो दांडा टोकाशी धरून उचलवत नव्हता, तोच चाक फिरत असताना त्यांनी एका हातानं डोक्यावर नेला. फिरणाऱ्या वस्तूंना न्यूटनचे नियम पुरे पडत नाहीत की काय, असा त्यांचा रोख होता. संस्थेनं ते व्याख्यान छापलं नाही.

मी मोडक्या टेपरेकॉर्डरमधलं जड पितळी चाक काढलं, त्याच टेपरेकॉर्डरची मोटर त्याला जोडली आणि सगळं एका लाकडी ठोकळ्यावर घट्ट बांधलं. शाळेच्या प्रयोगशाळेत दोन पारड्यांचा तराजू होता. ठोकळा डाव्या पारड्यात, वजनं उजव्या पारड्यात, सेल टेबलावर आणि सेलपासून मोटरपर्यंत दोन वायरी. तराजूचा काटा मधोमध आणून मी मोटर सुरू केली. डावं पारडं वर गेलं. अगदी हळू गेलं, पण गेलं. काटा परत मधे यायला उजवीकडून चार ग्रॅम काढावे लागले. मोटर बंद केली की पारडं खाली, सुरू केली की वर. तीनदा केलं, तीनदा चार ग्रॅम. ते दोन दिवस मी कुणाशी काही बोलले नाही. रात्री डोळे मिटले की पारडं वर जाताना दिसायचं.

तिसऱ्या दिवशी सरांना दाखवलं. त्यांनी कशालाही हात लावला नाही. स्टूल ओढून बसले, पुन्हा सुरू करायला सांगितलं, पुन्हा बंद करायला सांगितलं. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “सेलही पारड्यात ठेव.”

सेल पारड्यात ठेवले, काटा पुन्हा मधोमध आणला, मोटर सुरू केली. काटा थरथरला आणि मधेच राहिला. ते चार ग्रॅम वायरींचे होते. मोटर फिरली की सगळा ठोकळा थरथरायचा, टेबलाच्या कडेवरून आलेल्या ताठ वायरी त्या थरथरीत सरळ व्हायच्या आणि पारडं वर ओढायच्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. सरांनी माझी वही पुढे ओढली आणि म्हणाले, “आता लिही. वजनातला फरक शून्य, असं लिही. काही झालं नाही, असं लिहू नको.”

हे सगळं मी त्या मुलाला कळवू शकते. पण सरळ एवढंच कळवलं, तर त्याच्या सोळा पानांमागे जे आहे त्याला मी हातच लावला नाही, असं होईल. त्याच्या मनात मंगळ आहे, मंगळाच्याही पुढचं काहीतरी आहे. आणि तिथे जाण्याचा आपला आजचा रस्ता खरोखरच फार तोकडा आहे.

व्हॉयेजर १ सप्टेंबर १९७७ मध्ये निघालं. ऑगस्ट २०१२ मध्ये त्यानं सूर्याच्या वाऱ्याची हद्द ओलांडली. सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर हा त्याचा वेग. सूर्यानंतरचा सगळ्यात जवळचा तारा, प्रॉक्सिमा सेंटॉरी, ४.२४ प्रकाशवर्षांवर आहे. या वेगानं सरळ त्याच्या दिशेनं निघालं, तर पोचायला ७५ हजार वर्षं लागतील. वेग वाढवावा म्हटलं, तर त्सिओल्कोव्हस्कींनी १९०३ साली छापलेलं समीकरण वाट अडवतं. रॉकेटला पुढचं इंधन वाहून न्यायला आधी इंधन जाळावं लागतं, आणि वेग बेरजेनं वाढवायचा तर इंधन गुणाकारानं वाढतं. इंधन यानात नकोच, जमिनीवरून ऊर्जा पुरवू, असं म्हटलं तरी ऊर्जेचा हिशेब चुकत नाही. एक किलो वस्तूला प्रकाशाच्या एक दशांश वेगापर्यंत न्यायला साडेबारा कोटी युनिट वीज लागते, तीही कणभर वाया न घालवता. एका किलोला! माणूस, त्याची हवा, त्याचं पाणी, सोबतीचे लोक हे सगळं मोजायला घेतलं की पेन खाली ठेवावंसं वाटतं.

म्हणून माणसं त्या समीकरणाच्या बाहेर वाट शोधतात. गुरुत्वाकर्षण सैल करता येईल का, जडत्व कमी करता येईल का, काळाकडून काही उसनं घेता येईल का, रिकाम्या पोकळीतून ऊर्जा काढता येईल का. हे प्रश्न विचारणाऱ्यांना वेड्यांत काढायची घाई मला कधीच पटली नाही. आजच्या वाटेनं ताऱ्यांपर्यंत पोचता येत नाही, हे त्यांनी हिशेब करून पाहिलेलं असतं.

लेथवेट यांच्या चाकाचं उत्तर मला कॉलेजात सायकलचं चाक हातात धरल्यावर कळलं. आसाच्या एका टोकाला दोरी बांधली, चाक जोरात फिरवलं आणि दुसरं टोक सोडलं. चाक खाली पडायच्या ऐवजी आडवंच राहून दोरीभोवती संथपणे गोल फिरू लागलं. याला परांचन म्हणतात. बघताना अंगावर काटा येतो. पण दोरीवरचा ताण मोजला, तर चाकाचं वजन पुरतं त्याच्यात सापडतं, एक ग्रॅमही कमी नाही. लेथवेट यांचा हातही ते वीस किलो पूर्णच उचलत होता. त्याला फक्त दांडा खाली कलू न देण्यासाठी मनगट पिळावं लागत नव्हतं. पुढे त्यांनीही जायरोस्कोप, म्हणजे अशी वेगानं फिरणारी चाकं, न्यूटनला धरूनच वागतात हे मान्य केलं.

तरी चाकाच्या वजनाचा प्रश्न पुन्हा उठलाच. १९८९च्या डिसेंबरात जपानमधल्या तोहोकू विद्यापीठाच्या हायासाका आणि ताकेउची यांचा निबंध ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’ या मानाच्या नियतकालिकात आला. दीडशे ग्रॅमच्या आसपासचे जायरोस्कोप वरून पाहताना उजवीकडे फिरवले की काही मिलिग्रॅमनं हलके होतात आणि डावीकडे फिरवले की काहीच होत नाही, असं त्यांचं मोजमाप सांगत होतं. वर्षभराच्या आत दोन-तीन ठिकाणी तो प्रयोग अधिक काळजीनं केला गेला. फरक शून्य.

माझ्या वायरींची गोष्ट मला सगळ्यात तीव्रतेनं आठवली ती एमड्राइव्हच्या वेळी. रॉजर शॉयर या ब्रिटिश अभियंत्याची ही कल्पना. तांब्याचा निमुळता बंद डबा, आत सूक्ष्मलहरी कोंडायच्या, आणि डब्यातून काहीही बाहेर न टाकता डबा एका बाजूला सरकतो म्हणायचं. संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, अक्षय्य राहतो, हा नियम खरा असेल तर हे घडूच शकत नाही. बंद गाडीत बसून आतून डॅशबोर्ड ढकलल्यानं गाडी जात नाही, तसंच. पण मोजणाऱ्यांना रेटा दिसत होता. चीनमधल्या शीआन इथल्या नॉर्थवेस्टर्न पॉलिटेक्निकल विद्यापीठात यांग जुआन यांच्या गटानं अडीच किलोवॅट शक्तीला ७२० मिलिन्यूटन रेटा मिळाल्याचं लिहिलं. हे काही थोडंथोडकं नव्हे, सत्तर ग्रॅमच्या वजनाएवढा जोर झाला. २०१६ साली नासाच्या ईगलवर्क्स प्रयोगशाळेनं निर्वात पेटीत मोजून किलोवॅटमागे १.२ मिलिन्यूटन असा आकडा छापला. तेव्हा सगळीकडे बातम्या झळकल्या. मीही रात्र जागून तो निबंध वाचला होता, आणि मनातून मला तो खरा ठरावा असं वाटत होतं. ते वाटणं आजही लपवावंसं वाटत नाही.

मग कळलं की यांग यांच्याच गटानं प्रयोग पुन्हा केला होता. या वेळी वीज बाहेरून वायरीनं आणली नाही. बॅटरी यंत्राच्या सोबत, त्याच टांगत्या चौकटीवर बसवली. रेटा नाहीसा झाला. हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठून खिडकीपाशी गेले. कुठल्या तरी देशातल्या अद्ययावत प्रयोगशाळेत, इतक्या वर्षांनी, कुणीतरी सेल पारड्यात ठेवला होता.

नासाच्या आकड्याचा माग जर्मनीत ड्रेस्डेनच्या तंत्रविद्यापीठातले मार्टिन टायमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं काढला. त्यांनी २०१८ मध्ये एक साधी गोष्ट करून पाहिली. यंत्राकडे जाणारी शक्ती जवळजवळ पूर्ण अडवली, म्हणजे डब्यात सूक्ष्मलहरी नाहीतच. रेटा तरीही दिसत राहिला. म्हणजे तो डब्यातून येत नव्हता. तारांमधला प्रवाह पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात सापडून चौकट ढकलली जात असावी, असा त्यांचा निष्कर्ष होता. २०२१ मध्ये त्यांनी उरलेलं कोडंही सोडवलं. डबा तापला की मोजणीची चौकट किंचित प्रसरण पावायची, तराजूचा तोल सरकायचा, आणि तेच रेट्यासारखं दिसायचं. टांगण्याची पद्धत बदलल्यावर काही उरलं नाही. ज्या गोष्टीवर आपला फारसा विश्वास नाही, तिच्यासाठी एवढी वर्षं द्यायची, आणि ‘नाही’ म्हणायच्या आधी तार न् तार तपासायची, या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. या माणसांची नावं रॉकेट बनवणाऱ्यांच्या यादीत कधी येणार नाहीत.

त्या समासातल्या दोन रेघांकडे येते. ‘काळाचा प्रवाह = ऊर्जा?’

हे त्या मुलाला कुठून सुचलं माहीत नाही, पण हाच प्रश्न निकोलाय कोझिरेव्ह या सोव्हिएत खगोलशास्त्रज्ञानं आयुष्यभर धरून ठेवला होता. पुल्कोवो वेधशाळेतला हा तरुण, हुशार संशोधक १९३६ साली स्टालिनच्या काळातल्या धरपकडीत पकडला गेला. दहा वर्षांची शिक्षा झाली. १९४६च्या डिसेंबरात सुटला आणि पुढच्याच वर्षी त्यानं ताऱ्यांच्या ऊर्जेवर डॉक्टरेटचा प्रबंध मांडला. तारे अणुगर्भीय क्रियांवर जगत नाहीत, असं त्याला वाटत होतं. १९५८ साली त्यानं पूर्ण सिद्धान्त छापला. काळ हे घटना मांडायचं नुसतं रिकामं दोरखंड नाही, त्याला दिशा आहे, वेग आहे, तो वस्तूंवर काम करू शकतो आणि ताऱ्यांना ऊर्जा पुरवतो, असं त्याचं म्हणणं. पुराव्यासाठी तो तराजूवर जायरोस्कोप ठेवून त्याला कंप द्यायचा आणि वजनातला बारीक फरक टिपायचा. पुन्हा तेच चाक, पुन्हा तोच तराजू. दुसऱ्यांनी तपासलं तेव्हा ते परिणाम टिकले नाहीत.

त्याच १९५८ साली, ३ नोव्हेंबरला, याच माणसानं चंद्रावरच्या अल्फॉन्सस विवरातून वायू बाहेर पडत असल्याची वर्णपटातली खूण टिपली, आणि चंद्र पुरता निवलेला आहे या समजुतीला धक्का दिला. म्हणजे त्याची नजर चांगली होती. मला नेहमी वाटतं, ज्याच्या आयुष्यातली दहा वर्षं अशी काढून घेतली गेली, त्याला काळ ही नुसती मोजायची गोष्ट कशी वाटेल? हा माझा तर्क आहे, त्याच्या लेखनात तो सापडणार नाही. ताऱ्यांच्या बाबतीत मात्र तो चुकला होता, आणि हे कुणी वादात जिंकून ठरवलेलं नाही. सूर्याच्या गाभ्यात तयार झालेला प्रकाश पृष्ठभागावर यायला हजारो वर्षं घेतो, पण त्याच क्रियांतून निघणारे न्यूट्रिनो नावाचे कण कशालाही न अडखळता सरळ निघतात आणि आठ मिनिटांत आपल्यापर्यंत पोचतात. इटलीतल्या ग्रान सास्सो पर्वताखाली बोरेक्सिनो हा प्रयोग होता. २०१४ मध्ये तिथे हायड्रोजनच्या मूळ संमीलनातून येणारे न्यूट्रिनो मोजले गेले. सूर्याचा गाभा आत्ता, या घडीला, जेवढी ऊर्जा तयार करतो, तेवढीच पृष्ठभागावरून बाहेर पडते. काळाच्या खात्यातून काही भर पडायला तिथे जागा उरत नाही.

पण काळ आणि गुरुत्वाकर्षण यांचा संबंध, तो मात्र आहे. आणि तो कोझिरेव्हच्या सिद्धान्तापेक्षा मला अधिक अद्भुत वाटतो. जमिनीजवळ घड्याळ हळू चालतं, उंचावर भरभर. १९६०च्या सुमारास पाउंड आणि रेब्का यांनी हार्वर्डमधल्या साडेबावीस मीटर उंचीच्या मनोऱ्यात हे पकडलं. जीपीएसच्या उपग्रहांतली घड्याळं उंचीमुळे दिवसाला ४५ मायक्रोसेकंद पुढे जातात, वेगामुळे ७ मायक्रोसेकंद मागे पडतात. उरलेल्या ३८ची दुरुस्ती केली नाही, तर तुमच्या फोनवरचा निळा ठिपका एका दिवसात दहा किलोमीटर भरकटेल. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या जिला या संस्थेत एका मिलिमीटरच्या उंचीनं पडणारा फरकसुद्धा मोजला गेला. एक मिलिमीटर! तुम्ही उभे आहात तेव्हा तुमच्या डोक्याचा काळ आणि पायांचा काळ वेगळा आहे. ऐंशी वर्षांच्या आयुष्यात एका मीटरमागे तो फरक पाव मायक्रोसेकंदाहून थोडा जास्त भरतो.

आणि पुढची गोष्ट कळली तेव्हा मी वाचता वाचता थांबले होते. हातातून सुटलेला दगड खाली का येतो, याचं आइन्स्टाइनच्या सिद्धान्तातलं उत्तर जवळजवळ सगळंच या घड्याळांच्या फरकात आहे. पृथ्वीजवळ, आपल्या नेहमीच्या वेगांना, अवकाशाची वक्रता फारशी जाणवत नाही. खाली काळ किंचित हळू चालतो, आणि तेवढ्यावर सफरचंद पडतं. गुरुत्वाकर्षण आणि काळ या दोन गोष्टींत दुवा शोधणाऱ्या त्या मुलाला मी हे सांगणार आहे. दुवा आहे, बाळा. तुझ्या चाकांत नाही, पण तुझ्या टाचेत आणि कपाळात आहे.

काळाकडून प्रवासाला सवलतही मिळते, अगदी प्रस्थापित सिद्धान्तानुसार. आपल्याला जमिनीवर जेवढा जोर जाणवतो तेवढ्याच त्वरणानं एखादं यान अर्ध्या वाटेपर्यंत सतत वेग वाढवत आणि पुढची अर्धी वाट सतत कमी करत गेलं, तर प्रॉक्सिमापर्यंत पृथ्वीच्या घड्याळानं जवळजवळ सहा वर्षं लागतात, यानातल्या घड्याळानं साडेतीन. आकाशगंगेच्या केंद्रापर्यंत तर यानात अवघी वीस वर्षं, पृथ्वीवर सत्तावीस हजार. एका आयुष्यात आकाशगंगेच्या मध्यापर्यंत जाता येतं! काळाचं दार उघडं आहे, अडतं ते ऊर्जेपाशी. द्रव्य आणि प्रतिद्रव्य, म्हणजे द्रव्याला भेटलं की दोन्ही नाहीशी होऊन ऊर्जा होते असं त्याचं उलटं रूप, यांचं आदर्श इंधन वापरलं आणि त्यातला कणही वाया गेला नाही, तरी प्रॉक्सिमाला पोचून थांबायला यानाच्या प्रत्येक किलोमागे सदतीस-अडतीस किलो इंधन लागतं. केंद्रापर्यंत जायचं, तर एका किलोमागे आठ लाख टनांच्या आसपास. (प्रतिद्रव्य वर ‘पडेल’ आणि त्यातून गुरुत्वाकर्षणावर मात करता येईल, अशीही एक आशा होती. २०२३ मध्ये सर्न या युरोपातल्या प्रयोगशाळेत प्रतिहायड्रोजनचे अणू सोडून पाहिले. ते खाली आले.)

मिगेल अल्कुबिएरे या मेक्सिकन भौतिकशास्त्रज्ञानं १९९४ साली वेगळीच वाट काढली. यानानं अवकाशातून पळायचंच नाही. यानापुढचं अवकाश आक्रसवायचं, मागचं फुगवायचं, आणि मधल्या शांत बुडबुड्यात यान नुसतं बसून राहील. आत त्वरण जाणवणार नाही, घड्याळ पृथ्वीच्या घड्याळाशी जुळलेलं राहील, आणि बुडबुडा प्रकाशापेक्षा वेगानं जाईल. आइन्स्टाइनच्या समीकरणांत हे बसतं. पण त्यासाठी ऋण ऊर्जा लागते, म्हणजे रिकाम्या पोकळीहूनही कमी ऊर्जा. तशी ऊर्जा पूर्ण काल्पनिक नाही. १९४८ साली कासिमीर यांनी सांगितलं की दोन धातूच्या पट्ट्या अगदी जवळ आणल्या की पोकळीच त्यांना एकमेकींकडे ढकलते, आणि १९९७ मध्ये लामोरो यांनी तो जोर नीट मोजला. पण तो जोर आणि ताऱ्यांचा प्रवास यांच्यात अंतर फार आहे. त्याच १९९७ मध्ये फेनिंग आणि फोर्ड यांनी हिशेब मांडला, की अशा बुडबुड्याला दिसणाऱ्या विश्वातल्या सगळ्या वस्तुमानाहूनही जास्त ऋण ऊर्जा लागेल. दोन वर्षांनी व्हान डेन ब्रूक यांनी बुडबुड्याचा आकार बदलून ती काही सूर्यांएवढी खाली आणली. २०२४च्या एका निबंधात ऋण ऊर्जा अजिबात न वापरता चालणारा बुडबुडा आहे. त्याचा वेग प्रकाशापेक्षा कमी, आणि वीस मीटर त्रिज्येच्या कवचात गुरू ग्रहाच्या दुपटीहून अधिक वस्तुमान कोंबायचं. तो वेग कसा घेईल, हे त्यात नाही. तरी विश्वापासून गुरूपर्यंत उतरलोय, आणि तीसच वर्षांत. या उतरंडीचा शेवट कुठे आहे, हे बघायला मला आवडेल.

जडत्वाकडूनही प्रयत्न झाले आहेत, आणि तिथे आपल्या जयंत नारळीकरांचं नाव येतं. १९६४ साली फ्रेड हॉयल यांच्याबरोबर त्यांनी गुरुत्वाकर्षणाचा असा सिद्धान्त मांडला, की वस्तूचं वस्तुमान हे तिचं एकटीचं नाही. विश्वातल्या बाकी सगळ्या वस्तूंशी असलेल्या नात्यातून ते येतं. त्यांच्या स्थिर स्थिती विश्वात, म्हणजे ज्याला सुरुवात नाही आणि जे कायम सारखंच दिसतं अशा विश्वात, ऋण ऊर्जेचं एक क्षेत्रही होतं, ज्यातून नवं द्रव्य जन्मत राही. १९६५ मध्ये सगळ्या आकाशातून येणारं सूक्ष्मलहरींचं पार्श्वप्रारण सापडलं आणि बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाच्या सिद्धान्ताकडे गेले. नारळीकर शेवटपर्यंत अवघड प्रश्न विचारत राहिले. जेम्स वुडवर्ड यांनी १९९०च्या दशकापासून अशाच विचारांवर आधारलेलं एक यंत्र बांधलं. क्षणभर वस्तुमान बदलायचं आणि त्या क्षणी ढकलायचं, ही युक्ती. ड्रेस्डेनच्या तराजूवर तेही तपासलं गेलं, आणि कंपांशिवाय काही हाती लागलं नाही.

मग यातून काय मिळालं, असं त्या मुलानं विचारलं तर मी त्याला रॉजर बॅबसन यांच्याबद्दल सांगेन. बॅबसन हे अमेरिकेतले श्रीमंत व्यावसायिक. लहानपणी त्यांची बहीण बुडून गेली. तिला खाली ओढलं ते गुरुत्वाकर्षणानं, असं त्यांच्या मनानं घेतलं, आणि ते आयुष्यभर तसंच राहिलं. १९४० च्या दशकात नातूही बुडाला. त्यानंतर त्यांनी ‘ग्रॅव्हिटी रिसर्च फाउंडेशन’ काढलं. गुरुत्वाकर्षण अडवणारा पडदा शोधायचा, हे उद्दिष्ट. दरवर्षी उत्तम निबंधाला बक्षीस. दुःखातून काढलेली ही संस्था, तिच्या उद्दिष्टाला भौतिकशास्त्रज्ञांनी मान डोलावणं अशक्यच होतं.

१९५३ साली पहिलं बक्षीस ब्राइस डीविट या तरुण शास्त्रज्ञाला मिळालं. त्याच्या निबंधात लिहिलं होतं, की असले पडदे शोधण्यात वेळ घालवू नका, आधी गुरुत्वाकर्षण म्हणजे काय ते नीट समजून घ्या. बक्षीस देणाऱ्यांनी ते वाचून त्यालाच पहिला क्रमांक दिला. बॅबसन यांच्यासारखीच ओढ असलेले ॲग्न्यू बान्सन हे उद्योगपती पुढे आले, त्यांच्या मदतीनं नॉर्थ कॅरोलायनातल्या चॅपल हिल इथे डीविट पतिपत्नींसाठी संस्था उभी राहिली, आणि जानेवारी १९५७ मध्ये तिथे गुरुत्वाकर्षणावर परिषद भरली. गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशातच उठणारे तरंग, खऱ्या असतात की समीकरणांतला भास, यावर तेव्हा जाणकारांचंही एकमत नव्हतं. त्या परिषदेत फाइनमन यांनी दांडीवर सरकणाऱ्या मण्यांचं उदाहरण दिलं. लहर आली की मणी दांडीवर घासतील, दांडी तापेल, म्हणजे लहर ऊर्जा वाहून नेते. लहर ऊर्जा नेत असेल, तर ती पकडताही येईल. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगो या वेधशाळेच्या चार किलोमीटर लांब बाहूंनी ती पकडली. बाहूंची लांबी प्रोटॉनच्या रुंदीच्याही हजाराव्या भागाएवढी बदलली होती. ती लहर १३० कोटी प्रकाशवर्षांवरून, दोन कृष्णविवरांच्या मीलनातून आली होती.

बॅबसन यांना हवा होता तो पडदा कुणालाच सापडला नाही. त्यांच्या संस्थेनं अमेरिकेतल्या कॉलेजांमध्ये दगड बसवले होते, अर्धामुर्धा पडदा तरी सापडेल त्या दिवसाची विद्यार्थ्यांना आठवण राहावी म्हणून. टफ्ट्स विद्यापीठातला दगड अजून आहे. विश्वशास्त्रात डॉक्टरेट मिळालेला विद्यार्थी त्या दगडापुढे गुडघे टेकतो आणि मार्गदर्शक त्याच्या डोक्यावर सफरचंद टाकतात. बुडालेल्या त्या मुलीपासून त्या सफरचंदापर्यंतचा रस्ता मला फार लांबचा वाटत नाही.

आज रात्री मी उत्तर लिहायला बसले आहे. पहिल्या पानावर टाचेच्या आणि कपाळाच्या घड्याळांविषयी लिहिलं, कारण ते त्याला आधी कळायला हवं. दुसऱ्या पानावर त्याच्या आकृतीत मी लाल पेननं एकच बाण काढला आहे, वीजपुरवठ्याच्या चौकोनापासून थेट पारड्यापर्यंत. त्याखाली लिहिलंय: बॅटरी यंत्राबरोबरच ठेव. चाकं आधी एका दिशेनं फिरव, मग उलट दिशेनं. चुंबक काढून एकदा मोज. यंत्र बंद करून ते पूर्ण निवेपर्यंत थांब आणि पुन्हा मोज. यंत्र शेजारच्या भिंतीकडे वळवून ठेव आणि परत मोज, पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र तुझ्या तारांना ढकलत असेल तर तिथे कळेल. प्रत्येक आकडा जसा येईल तसा, पेननं, न खोडता लिही. मग वही मला पाठव. सगळे आकडे बघायचे आहेत, शून्यंसुद्धा.